भिंतीकडे तोंड केलेला तांब्या

माझी आई शेवटपर्यंत लोकांना सांगायची, "आमची थोरली साताऱ्याला असते. राजेलोकांची भांडी घासते." सांगलीतल्या आमच्या गल्लीतल्या बायका यावर हळहळायच्या. एवढी शिकलेली पोरगी, आणि नशिबी काय आलं! मी सुट्टीला आले की आईला समजवायची, अगं, संग्रहालयात भांडी घासत नाहीत. घासायची नाहीत, हेच तर आमचं काम. आई विचारायची, "मग पगार कशाचा देतात?"

प्रश्न बिनतोड होता. एकतीस वर्षं नोकरी करून मी निवृत्त झाले, आता सांगलीत धाकट्या भावाकडे राहते, तरी त्याचं एका वाक्यातलं उत्तर मला अजून देता येत नाही. म्हणून जरा सविस्तर सांगते.

आमचं संग्रहालय साताऱ्यातल्या एका जुन्या संस्थेचं. लहानसंच. तीन दालनं, एक ऑफिस आणि मागे एक लांबट खोली. या खोलीला आम्ही 'कामाची खोली' म्हणायचो. लोकांना दालनं दिसतात. माझं आयुष्य कामाच्या खोलीत गेलं. वस्तू आली की आधी तिथे येणार. तिचं मोजमाप घ्यायचं, फोटो काढायचा, रजिस्टरात नोंद करायची, मग पटकन दिसणार नाही अशा जागी बारीक ब्रशने लाल रंगात नंबर घालायचा. नंतर वर्षानुवर्षं फक्त मऊ ब्रशने धूळ झटकायची. चमकवायचं नाही. तेल, लिंबू, राख काही लावायचं नाही. तांबं-पितळेवर काळाने जो थर चढतो तो मळ नसतो, ती त्या वस्तूची कातडी असते. आमचे अभिरक्षक अभ्यंकर सर म्हणायचे, "पाटील, आपण वस्तूला अंघोळ घालत नाही. फक्त तिचं तोंड पुसतो."

बाकीचा वेळ शत्रूंशी लढण्यात जायचा. वाळवी, कसर, झुरळं, दमट हवा आणि प्रेक्षक. एका मे महिन्यात पाचगणीहून परतणाऱ्या एका मोठ्या कुटुंबाने स्ट्रॉबेरीची खोकी सामान ठेवायच्या कपाटात ठेवली आणि त्यातलं एक तिथेच विसरून गेले. दोन दिवस संस्था बंद होती. तिसऱ्या दिवशी पाहिलं तर मुंग्यांची रांग कपाटातून निघून दालन पार करून एका पेशवाईतल्या पालखीच्या गादीपर्यंत पोचली होती. आमचे पहारेकरी जगताप हवालदार सैन्यातून निवृत्त होऊन आलेले. ते म्हणाले, "मॅडम, दुश्मनानं सप्लाय लाइन टाकलीया. आदी ती तोडूया." आणि त्यांनी खरंच तशीच ती तोडली, मागून पुढे, हळदीची रेघ ओढत ओढत.

हळद आली म्हणून सांगते. माझा जन्म हळदीतला. वडील सांगलीच्या पेठेत हळदीचे व्यापारी. आमच्या घरातली चादर, वही, मांजर, सगळं थोडं थोडं पिवळं होतं. वास घेऊन राजापुरी हळद कुठली आणि बाहेरची कुठली, हे मला आठव्या वर्षी कळायचं. आणि नियतीचा विनोद पाहा, नोकरीत माझ्या वाट्याला आलेलं मुख्य काम कोणतं, तर हळद काढणं! आपल्याकडे माणूस तिकीट काढून आत येतो, पण गणपतीची मूर्ती समोर दिसली की तो प्रेक्षक राहत नाही, भक्त होतो. बायका पर्समधून पुडी काढतात आणि बाराव्या शतकातल्या देवीच्या कपाळावर बोट टेकवून मोकळ्या होतात. मग आम्ही कापसाचे बोळे घेऊन बसायचं. दगडातल्या बारीक छिद्रांत गेलेली हळद सहजी निघत नाही. मूर्ती पुसताना मला बोटाच्या ठशावरून कळायचं की बाई उंच होती की ठेंगणी, घाईत होती की निवांत. रागवायचे मी, पण माझा राग फार टिकायचा नाही.

आणि प्रेक्षक नुसते उपद्रवी नसतात हेही सांगायला हवं. एकदा विट्याकडचे एक गृहस्थ आले. त्या भागातले कितीतरी लोक देशभर सोनं गाळायची दुकानं चालवतात. हे दूर दक्षिणेत कुठेतरी दुकान चालवायचे आणि जत्रेसाठी गावी आले होते. एका तलवारीपुढे ते अर्धा तास उभे. शेवटी मला बोलावून म्हणाले, "ताई, हितं लिवलंय मुठीला सोन्याचं पानी दिलंय. पानी न्हवं ते. पत्रा चढिवलाय. ह्या कडंला बघा, सांदा दिसतोय." आम्ही भिंग घेऊन पाहिलं. सांधा होता! तीस वर्षं तिथे असलेलं लेबल सरांनी त्याच दिवशी बदललं. त्यांना चुकीच्या लेबलाइतकी चीड दुसऱ्या कशाचीच नव्हती. म्हणूनच त्यांनी आयुष्यात एक चुकीचं लेबल जाणूनबुजून का राहू दिलं, ते आता सांगते. त्याला कारण मी होते.

नोकरीला लागून मला तीन वर्षंही झाली नव्हती. नवरात्र संपत आलं होतं. एक दिवस पन्नाशीच्या एक बाई पदराखाली काहीतरी घट्ट धरून ऑफिसात आल्या. हौसाबाई त्यांचं नाव, गाव कोरेगावच्या अंगाचं. त्या गावात घरटी एक माणूस सैन्यात. त्यांनी पदराखालून एक पितळी तांब्या काढून टेबलावर ठेवला. पितळी म्हणायचं ते आकारावरून, कारण धातू कुठेच दिसत नव्हता. सगळा तांब्या हळदीच्या जाड, तपकिरी-पिवळ्या थराने झाकलेला होता. जुन्या शेंदराच्या देवासारखा.

"आमच्या आजेसासऱ्यांचा हाय," त्या म्हणाल्या. "धोंडी त्येंचं नाव. बसऱ्याच्या लढाईत गेलं. त्ये काय आलं न्हाईत, ह्यो तांब्या आला. संगं एक कागद आला, त्यो मास्तरानं वाचून दावला. माती न्हाई, हाडं न्हाईत, ह्योच त्येंच्या जागी. दर खंडेनवमीला आजेसासू ह्येला हळद लावायच्या. मग सासू, मग मी. घासायचा न्हाई, त्येंचा शेवटला हात लागलेला हाय म्हनून."

मग आता इथे का देताय, असं सरांनी विचारलं. घराच्या वाटण्या होत होत्या. जमीन तीन भावांनी गुण्यागोविंदाने वाटून घेतली, तांब्यावर मात्र हमरीतुमरी झाली. ज्याच्या घरात तांब्या त्याचं घर थोरलं, असा मान होता. हौसाबाईंनी सगळे झोपल्यावर नव्हे, भर पंगतीत सगळ्यांसमोर तांब्या उचलला आणि सांगितलं, "कुनालाच न्हाई. सरकारात ठिवते. तितं कुनाचं चालत न्हाई." आमची संस्था सरकारी नव्हती. पण दारात जगताप हवालदार वर्दीत उभे, त्यामुळे त्यांची खात्री पटली होती. त्यांची अट एकच होती, दर खंडेनवमीला त्या येणार.

सरांनी रजिस्टरात नोंद केली आणि दोन दिवसांसाठी पुण्याला गेले. तांब्या कामाच्या खोलीत टेबलावर राहिला. तिसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. आमच्याकडे त्या दिवशी शिडी, हातोडी, ब्रश, कात्री, सगळ्यांची पूजा असायची. आदल्या दिवशी मी खोली लख्ख केली. लख्ख करता करता समोर तो तांब्या. सणाच्या आदल्या दिवशी घरात पितळ काळं दिसणं म्हणजे आमच्या आईच्या लेखी केवढं अवलक्षण! माझ्या डोक्यात सरांची तीन वर्षांची शिकवण होती आणि हातांत आईची वीस वर्षांची. हात जिंकले. मी संध्याकाळच्या आमटीसाठी बाजारातून घेतलेली चिंच भिजवली, थोडी रांगोळी घेतली, आणि तासाभरात तांब्या असा उजळला की त्यात माझं तोंड दिसायला लागलं. खरं सांगते, मला फार बरं वाटलं.

सर ठरल्यापेक्षा लवकर, त्याच संध्याकाळी परतले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते खुर्चीत बसले. "पाटील, हे काय केलंत?"

"सर, स्वच्छ केलं."

"स्वच्छ नाही. कोरं केलंत. तीन बायकांनी पाऊणशे वर्षं त्यावर बोट टेकवलं होतं. तेच तर आपल्याकडे आलं होतं. तांब्या काय, बाजारात पैशाला पासरी मिळतो."

मी रडायला लागले. सरांनी तांब्या उजेडात धरून फिरवला आणि एकदम थांबले. तांब्याच्या पोटावर टिंबा-टिंबांनी ठोकलेली अक्षरं होती; घासताना मला ती नक्षी वाटली होती. दुकानातून भांडं घेताना आपण नाव घालून घेतो ना, तशीच. सरांनी दोनदा वाचलं, मग मला वाचायला दिलं. 'यल्लाप्पा बिन सिद्दाप्पा.'

धोंडी नव्हतं. धोंडीच्या जवळपासचंही काही नव्हतं.

काय झालं असेल ते समजायला फार हुशारी लागत नव्हती. पहिल्या महायुद्धात बसऱ्याच्या छावणीत शेकडो माणसं, सगळ्यांचे तांबे सारखे, आणि मागे राहिलेलं सामान बांधणाऱ्याला यातलं एक अक्षर वाचता येत नसणार. एकाचं गाठोडं दुसऱ्याच्या पत्त्यावर गेलं. घरी आलेलं नाव वाचायला घरात कुणी नव्हतं, मास्तराला कागद तेवढा दाखवला, आणि पहिल्याच खंडेनवमीला त्यावर हळद चढली. यल्लाप्पा आमच्या बाजूचा असणार, सांगलीच्या पलीकडे, कर्नाटकच्या शिवेवरचा. नावच सांगत होतं.

"सर, आता काय करायचं?"

सरांनी रजिस्टर उघडलं आणि नोंदीत भर घातली: 'पोटावर ठोकलेली अक्षरे', आणि ते नाव, जसंच्या तसं. मग टोपण लावून म्हणाले, "रजिस्टरात खोटं लिहायचं नाही. पण कुणी विचारलं नसताना कुणाचा देव फोडायचाही नाही." लेबलावर मात्र 'धोंडी' हेच नाव गेलं. तांब्या दुसऱ्या दालनातल्या भिंतीच्या कपाटात ठेवला, नावाची बाजू भिंतीकडे करून.

दुसऱ्या दिवशी हौसाबाई आल्या. कपाटापुढे उभ्या राहिल्या. "लय उजाळलाय की," म्हणाल्या. मग जरा वेळाने, "हळद कुटं गेली?"

"काढली," मी म्हटलं.

त्यांनी कमरेची पिशवी सोडली, चिमूटभर हळद घेतली आणि तांब्याच्या उंचीवर काचेला बोट टेकवलं. सर मागे उभे होते. ते मला हळूच म्हणाले, "आज काच पुसायची नाही." पुढे हा आमच्याकडचा अलिखित नियम झाला. खंडेनवमीला हौसाबाई सकाळच्या एसटीने यायच्या, काचेवर एक पिवळा ठिपका उमटायचा, जगताप हवालदार लांबून सॅल्यूट ठोकायचे, आणि काच दुसऱ्या दिवशी पुसली जायची. मग कामाच्या खोलीत त्या माझ्यासोबत चहा घ्यायच्या. कुठल्या दिराचा मुलगा भरती झाला, उसाला तोड कधी आली, सगळं सांगायच्या. मला कधी वांगी, कधी घेवडा आणायच्या. आणि मी दर आठवड्याला धूळ झटकली की तांब्या पुन्हा भिंतीकडे तोंड करून ठेवायची. अठ्ठावीस वर्षं. एखाद्या पोराला शिक्षा म्हणून कोपऱ्यात उभं करावं तसा तो दिसायचा, आणि शिक्षा खरी माझी होती.

मी शोध घेतला नाही असं नाही. एका वर्षी कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं आणि तिथल्या एका जुन्या चित्रसंग्रहाचा तळमजला भिजला. मदतीला म्हणून मला आठ दिवस पाठवलं. ओली चित्रं सुकवायला कोरडी, हवेशीर जागा हवी होती, आणि ती कुठे मिळाली असेल? वडिलांच्या ओळखीतल्या हळदीच्या गोदामाच्या माडीवर. दोऱ्या बांधून आम्ही संस्थानी थाटाची माणसं वाळत घातली. त्यातली दोन चित्रं मागच्या बाजूने आजही पिवळट आहेत. अहवालात मी कारण 'अज्ञात' लिहिलं. त्या गोदामात जतकडचे एक म्हातारे हमाल होते. त्यांना मी विचारलं, तुमच्या बाजूला कुणी यल्लाप्पा सिद्दाप्पा लढाईवर गेलेला ऐकलाय का? ते पोतं टेकवून हसायला लागले. "अक्का, आमच्याकडं दगूड मारला तर यल्लाप्पालाच लागतोय. आन् त्येचा बा सिद्दाप्पाच आसतोय." तरी त्यांनी चार गावांत विचारून पाहिलं. काही लागलं नाही.

अभ्यंकर सर गेले. त्यांच्यानंतर दोन अभिरक्षक आले-गेले, कुणी जुनं रजिस्टर वाचलं नाही. मग माझ्या निवृत्तीला वर्ष उरलं असताना नव्या मॅडम आल्या. तिशीतल्या, शिकलेल्या, कामाला वाघ. त्यांनी सैनिकांचं नवं दालन करायला घेतलं आणि मोठ्या कौतुकाने मला आराखडा दाखवला. दालनाच्या बरोब्बर मधोमध एक कपाट, आणि त्यात एकटा तांब्या. "ताई, हीच आपली सगळ्यात बोलकी वस्तू आहे. चारी बाजूंनी काच. लोकांनी गोल फिरून बघायचं."

चारी बाजूंनी काच! भिंतच उरली नव्हती.

मी त्यांना सगळं सांगितलं. चिंचेपासून. त्यांनी जुनं रजिस्टर मागवलं आणि सरांचं अक्षर वाचलं. मग म्हणाल्या, "ताई, लेबल बदलावं लागेल. तुम्हालाही माहितेय." मला माहीत होतं. दुसऱ्या कुठल्याही वस्तूबद्दल मीच भांडले असते. मी एवढंच मागितलं की उद्घाटनाच्या आधी खंडेनवमी येते, तोवर लेबल छापू नका. हौसाबाईंना आधी मी सांगते. त्यांना वाचता येत नव्हतं, पण त्यांच्या नातवंडांना येत होतं. गर्दीत कुणीतरी मोठ्याने वाचणार आणि त्या म्हातारीच्या हातून तिचा माणूस निसटणार, हे मला डोळ्यांपुढे दिसत होतं. ते वर्ष मला फार जड गेलं. भाषण पाठ करावं तशी वाक्यं पाठ करायची आणि मोडायची.

हौसाबाई आल्या. ऐंशी ओलांडलेल्या, हातात काठी, पण एसटीने एकट्याच. मी त्यांना दालनात न नेता थेट कामाच्या खोलीत बसवलं. चहा दिला. तांब्या टेबलावर होता. हातमोजे न घालता मी तो उचलला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. अठ्ठावीस वर्षांत काचेशिवाय तो त्यांच्या हाती पहिल्यांदाच आला होता. त्यांनी आधी त्याला कपाळ टेकवलं. मी त्यांचं बोट धरून टिंबांवरून फिरवलं.

"ह्ये काय खडबडीत लागतंय?"

"नाव आहे, मावशी."

"आमच्या आजेसासऱ्यांचं?"

पाठ केलेलं एकही वाक्य आठवेना. "नाही," मी म्हटलं. "दुसऱ्या कुणाचं तरी. यल्लाप्पा म्हणून. तांब्याची अदलाबदल झाली असणार."

त्यांचं बोट टिंबांवर तसंच राहिलं. दारात जगताप हवालदार उभे होते, तेही आता थकलेले. त्यांनी मान खाली घातली.

"तुमास्नी कवापासनं ठावं हाय?"

"पहिल्या वर्षापासून. मी घासला तेव्हापासून."

"आन् मी दरसाल येत हुते," हौसाबाई म्हणाल्या. "चा पीत हुते तुमच्यासंगं."

त्यांनी तोंड फिरवलं. मी आयुष्यात बोलणी पुष्कळ खाल्ली, पण इतकं लागलेलं दुसरं नाही. माफी मागायला तोंड उघडलं तर नुसतंच रडू आलं. त्या खिडकीकडे बघत राहिल्या. मग एकदम त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत. त्या हसत होत्या.

"आवं, आमच्या आजेसासूनं जलमभर परक्याच्या तांब्याला धनी म्हनून हळद लावली की! एक खंडेनवमी चुकवली न्हाई. आता वर गाठ पडल्यावर त्येंला काय सांगिटलं आसंल तिनं?" हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मग हवालदारांकडे वळून विचारलं, "हवालदार, ह्यो येल्लाप्पा तरी घरी गेला आसंल का वं?"

"न्हाई मावशी," जगताप म्हणाले. "जित्याचं सामान दुसऱ्याच्या घरी जात न्हाई. तांब्या हितं आला म्हंजे त्योबी तितंच ऱ्हायला."

"मग त्येच्या घरी काय गेलं?"

उत्तर त्यांचं त्यांनीच दिलं, अगदी सावकाश, हिशेब जुळल्यासारखं. "आमचा गेला आसंल. आमच्या धोंडीचा." त्यांनी तांब्यावर हात ठेवला. "म्हंजे तितं कुना बाईनं त्येला येल्लाप्पा म्हनून पुजला आसंल. बगा की! ह्येचंबी झालं, त्येचंबी झालं. कोनच बिनहळदीचं न्हाई ऱ्हायलं."

मॅडम केव्हाच्या दाराशी येऊन उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "आजी, पाटीवर दोन्ही नावं लिहू का?"

"ल्हिवा. पयलं त्येचं ल्हिवा. तांब्या त्येचा हाय." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ह्यो तुमच्या अंगाचा न्हवं का, बाई? सांगलीकडला?"

"तिकडचाच. जतच्या बाजूचा असावा."

"मग तुमी त्येच्या म्हायेरच्या झालासा. आन् इतकी वर्सं मला बोलला न्हाईसा!" त्यांनी कमरेची पिशवी सोडली. हळदीचं बोट घेतलं आणि काचेला नव्हे, तांब्यालाच लावलं, नेमकं त्या नावावर. मी ते पुसलं नाही. मॅडमनीही पुसू दिलं नाही. नव्या दालनात तो ठिपका आजही आहे, आणि लेबलात त्याचीही नोंद आहे.

जाताना त्या दारात थांबल्या. "आता रिटायर हून सांगलीला जानार न्हवं तुमी? आमच्या धोंडीचा तांब्या तुमच्या बाजूला कुनाच्या तरी फळीवर आसंल. बगा हुडकून. न्हाई घावला तर ऱ्हाऊ द्या. हळद तेवडी चुकवू नगा."

मी शोधते आहे. जतकडच्या ओळखीच्यांना सांगून ठेवलंय, जुन्या तांब्यांवरची नावं वाचत बसते, लोक हसतात. अजून घावलेला नाही. आमचं घर जैनांचं. खंडेनवमीला आमच्याकडे तराजू, वह्या, विळी, खुरपं यांची पूजा होते, शस्त्राची नाही. गेल्या खंडेनवमीला मी आईचा जुना पितळी तांब्या फळीवरून काढला, पाटावर विळी-खुरप्यांच्या रांगेत ठेवला आणि पेठेतल्या चांगल्या राजापुरीचं बोट त्यावर टेकवलं.

दसरा झाल्यावर भावजय भांडी आवरत होती. भिजवलेली चिंच हातात घेऊन तिने विचारलं, "अक्का, हा पण घासायला घेऊ?"

"नको," मी म्हटलं. "तो आपला नाही. धोंडीचा आहे."